नाम, स्थान आणि आवाहन

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर अणदूर आणि नळदुर्ग ही दोन गावे कोस-दोन कोसांच्या अंतराने लागतात, आणि त्यांच्या पूर्वेला त्याच रस्त्यावर तुळजापूर तालुक्यातले आमचे जळकोट आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन्ही ठिकाणी खंडोबाचे देऊळ आहे. नळदुर्गचे देऊळ बोरी नदीकडे, मैलारपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात. देवळे दोन असली तरी मूर्ती मात्र एकच. वर्षाचे दहा महिने, किंबहुना त्याहून किंचित अधिक काळ, ती अणदुरास असते. हिवाळ्यात दोन महिन्यांहून थोड्या कमी मुदतीसाठी ती नळदुर्गास येते, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तेथे भरते, आणि मुदत पुरी झाली की देव पुन्हा अणदुरास जातो. ही ने-आण नुसत्या वहिवाटीच्या भरवशावर सोडलेली नाही. दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो आणि मगच मूर्ती जागची हलते.

या भागातला कोणताही श्रद्धावान मनुष्य दोन गोष्टी एकाच वेळी मानतो: देव चराचरात भरलेला आहे, आणि देव सध्या अणदुरास आहे, नळदुर्गास नाही. या दोन विधानांत विरोध आहे असे त्याला कधी वाटत नाही. परंतु विचार करणाऱ्याला तो वाटला पाहिजे. जो सर्वत्र आहे त्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे म्हणजे नेमके काय करणे? घरच्या साध्या पूजेतही हाच प्रश्न दडलेला आहे. सुपारीवर गणपतीचे आणि कलशावर वरुणाचे आवाहन होते, म्हणजे त्या क्षणापूर्वी ती सुपारी केवळ सुपारी होती. आणि पूजा संपल्यावर अक्षता वाहून, पुन्हा येण्याची विनंती करून विसर्जन होते, म्हणजे त्यानंतर ती पुन्हा सुपारी होते. मधल्या काळात तिच्याठायी काय घडले? काहीच घडले नसेल तर विधी व्यर्थ ठरतो. आणि काही घडले असेल तर सर्वव्यापित्व उणे पडते.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक वाट मला माझ्या उपजीविकेच्या उद्योगातून सापडली, आणि ती येथे सविस्तर मांडावी असे वाटते. कारण ज्या यंत्रांना आपण निर्जीव आणि केवळ हिशेबी समजतो त्यांच्या रचनेतही नाम आणि नामी यांचा संबंध केव्हा जुळतो, कोण जुळवतो आणि कोण सोडतो, याविषयीचा पुष्कळ चिंतनीय अनुभव साठलेला आहे. कोबोल ही संगणकाची भाषा १९५९ साली अमेरिकेत, सरकारी खाती आणि यंत्रनिर्माते यांच्या संयुक्त समितीतून आकारास आली. ग्रेस हॉपर यांनी आधी सिद्ध केलेल्या भाषेचा तिच्यावर मोठा संस्कार होता. पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, आणि जगातल्या बँकांचे, विमा कंपन्यांचे व सरकारी खजिन्यांचे जमाखर्च हळूहळू या भाषेच्या आणि या जातीच्या मेनफ्रेम यंत्रांच्या स्वाधीन झाले. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमधून आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या इतर कंपन्यांमधून मुंबई-पुण्याच्या कितीतरी मराठी मुलामुलींनी हे दूरदेशीचे दप्तर सांभाळले आहे. खेड्यापाड्यांतून शिकून गेलेल्यांची संख्याही त्यांत थोडी नाही.

कोबोलच्या प्रोग्रॅममध्ये एक मोठी सुंदर मर्यादा पाळलेली असते. आपली फाईल कोणत्या ठिकाणी आहे हे प्रोग्रॅम कधीच सांगत नाही. तो आपल्यापुरते तिला एक घरगुती नाव देतो आणि सिलेक्टच्या वाक्यात त्या नावाला फार तर आठ अक्षरांचे एक बाहेरचे नाव जोडतो. त्या आठ अक्षरांपलीकडे प्रत्यक्ष कोणता डेटासेट (यंत्रात साठवलेली खरी फाईल) उभा आहे हे ठरवण्याचे काम जेसीएल नावाच्या वेगळ्या फर्मानात, डीडीच्या ओळीने केलेले असते. जॉब, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी चालणारे एक काम, सुरू होण्यापूर्वी यंत्रव्यवस्था ते फर्मान वाचते, नाव आणि वस्तू यांची गाठ बांधते, आणि ज्या पायरीला त्या वस्तूची शेवटची गरज आहे ती पायरी पार पडेपर्यंत ती गाठ सुटत नाही. प्रोग्रॅमच्या दृष्टीने पाहिले तर हा संबंध अनादी आहे. त्याने डोळे उघडले तेव्हा तो होताच, आणि तो मोडण्याचा त्याला अधिकार नाही.

परंतु व्यवहार नेहमीच इतका आज्ञाधारक नसतो. कोणती फाईल लागणार हे कित्येकदा काम चालू झाल्यावरच कळते: आज कोणत्या शाखेचा भरणा आला, कोणत्या तारखेचा ताळेबंद पुन्हा काढावयाचा आहे, हे आधी लिहून ठेवता येत नाही. शिवाय घटकाभराच्या कामासाठी एखादी फाईल रात्रभर अडकवून ठेवणे हा इतरांवर अन्याय असतो. अशा वेळी प्रोग्रॅम चालता चालताच यंत्रव्यवस्थेकडे अर्ज करतो की अमुक नावाला अमुक डेटासेट आता नेमून द्यावा. याला डायनॅमिक ॲलोकेशन म्हणतात. त्याच्या तळाशी एसव्हीसी ९९ नावाची सेवा आहे; कोबोलमधून तिला हाक मारण्यासाठी बीपीएक्सडब्ल्यूडीवायएन हा मध्यस्थ वापरतात, किंवा त्या आठ अक्षरी नावाच्याच पर्यावरण-चलात डेटासेटचे नाव लिहून ठेवतात. या दुसऱ्या रीतीतला एक बारकावा फार लक्षणीय आहे. फाईल जितक्या वेळा उघडावी तितक्या वेळा ते चल नव्याने वाचले जाते. मागच्या उघडण्यानंतर त्यातला मजकूर बदलला असेल तर जुनी गाठ सोडून नवी बांधली जाते. आणि जेसीएलने ते नाव आधीच कोणाला दिलेले असेल, तर त्या पूर्वीच्या नेमणुकीचाच मान राखून चलातला मजकूर बाजूस ठेवला जातो.

शब्द आणि अर्थ यांच्या संबंधावर आपल्या दर्शनकारांनी जो दीर्घ वाद घातला त्याची या ठिकाणी आठवण होणे अपरिहार्य आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांनी पहिल्याच अध्यायाच्या पहिल्या पादात हा संबंध औत्पत्तिक म्हटला, आणि भाष्यकार शबरांनी त्याचा अर्थ नित्य असा लावला: हा संबंध कोणी जोडलेला नाही, आपण तो केवळ शिकतो. नैयायिकांना हे मान्य झाले नाही. त्यांच्या मते संबंध संकेताने होतो, आणि संकेत म्हणजे या शब्दावरून हा अर्थ समजावा अशी इच्छा. मूळच्या शब्दांबाबत ती इच्छा ईश्वराची. मग बाराव्या दिवशी बाप मुलाचे नाव ठेवतो तेव्हा काय होते? विश्वनाथ पंचाननांच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत याचे जे समाधान आहे ते मला त्या संपूर्ण वादातले सर्वांत मार्मिक वाटते. जन्मानंतर ठरल्या दिवशी पित्याने नाव ठेवावे अशी शास्त्राची आज्ञा आहे, तेव्हा ते विशिष्ट नाव ईश्वराने स्वतंत्रपणे योजले नसले तरी त्या आज्ञेच्या पोटात तेही आलेच, आणि म्हणून तेही समर्थ आहे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे नाव ठेवण्याचा नियम जुना, पण ते नाव त्या बालकाला चिकटते ते त्या दिवशी.

माझे प्रतिपाद्य काय ते एकदा स्पष्ट सांगतो. आवाहनाच्या प्रश्नावर नित्यवाद आणि कृत्रिमवाद हे दोनच पर्याय आहेत असे आपण धरून चालतो, आणि तेथेच फसतो. संबंध नित्य असेल तरच खरा, आणि माणसाने जोडला असेल तर खोटा, हे समीकरणच चुकीचे आहे. ज्या नियमाने संबंध जोडता येतो तो पूर्वसिद्ध असतो आणि संबंध मात्र मागणीच्या क्षणी उत्पन्न होतो. आणि उत्पन्न झाल्यावर तो इतका सत्य असतो की त्याच्या बळावर खऱ्या खात्यातली खरी रक्कम बदलते. खंडोबाच्या ने-आणीची वहिवाट पिढ्यांची आहे, पण करार नवा करावा लागतो, आणि तो झाल्याविना मूर्ती हलत नाही. जुन्या वहिवाटीमुळे नवा करार निरर्थक ठरत नाही. उलट, करार करण्याची मुभा आणि त्याचे बंधन ही दोन्ही त्या वहिवाटीनेच दिलेली आहेत.

येथे कोणी म्हणेल की नाव आणि वस्तू यांच्यामध्ये खरोखर गाठ पडते असे तरी कशावरून? आठ अक्षरी नावापलीकडे डेटासेटचे नाव आहे, पण तेही नावच. चव्वेचाळीस अक्षरांपर्यंतचे, बिंदूंनी तोडलेल्या पदांचे. ते नाव यंत्रव्यवस्थेच्या कॅटलॉगात, म्हणजे नावांच्या सूचीत, शोधले की डिस्कचे सहा अक्षरी नाव हाती येते. आणि त्या डिस्कचे नावही आज बहुधा दुसऱ्याच कोणत्या साठवण-यंत्रावरच्या कल्पित विभागाचे नाव असते. आमच्या गावाची गोष्ट यापेक्षा निराळी नाही. नुसते जळकोट म्हटले तर लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट समोर येते, म्हणून मौजे जळकोट, तालुका तुळजापूर, आणि पुढे जिल्हा, असे लिहावे लागते; तो जिल्हा काल उस्मानाबाद होता आणि २०२३ पासून सरकारदरबारी धाराशिव आहे. निजामाच्या अमलात हीच नोंद उर्दू दप्तरात होती. सातबाऱ्यावरची पदे पालटली, परंतु जमीन एका ढेकळानेही सरकली नाही. नावामागे नाव आणि त्यामागे पुन्हा नाव असा हा अनवस्थेचा प्रसंग आहे, आणि केवळ तर्काने पाहिले तर त्याला शेवट नाही.

त्याला शेवट आणते ती क्रिया. प्रोग्रॅम जेव्हा ओपनचे वाक्य उच्चारतो तेव्हा नावांची सगळी साखळी एका क्षणात ओलांडली जाते आणि पहिली नोंद हाती येते किंवा येत नाही. गोंधळात गोंधळी देवदेवतांना बोलावतो तेव्हा तो नुसते नाव घेऊन थांबत नाही. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी, पंढरपूर अशी ठिकाणासह हाक घालतो, म्हणजे नावाला पदांची जोड देऊन ते असंदिग्ध करतो. पण गोंधळ मांडला गेला, संबळ वाजू लागला, दिवटी पेटली, की कोणत्या नावामागे काय आहे हा प्रश्न तेथे उभ्या असलेल्या माणसापुरता उरत नाही. उपासनेला कर्म म्हटले आहे ते याच कारणाने असावे. ज्ञानाच्या वाटेने जेथे अनवस्था होते तेथे कर्म पाऊल टाकते.

आता सर्वव्यापित्वाचा मूळ पेच. तो प्राचीनांच्या नजरेतून सुटला नव्हता. एकाच वेळी अनेक यजमान इंद्राला बोलावतात. इंद्राला शरीर असेल तर तो सर्वांकडे कसा जाणार? मीमांसकांनी देवतेचे शरीरच नाकारले. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील देवताधिकरणात मात्र हा आक्षेप घेऊन त्याचे उत्तर दिले आहे: देवता एकाच वेळी अनेक रूपे धारण करू शकते. शंकराचार्यांनी भाष्यात आणखी एक पर्याय जोडला. एक ब्राह्मण एकाच वेळी अनेक घरी जेवू शकत नाही हे खरे, परंतु एकाच ब्राह्मणाला एकाच वेळी अनेकांनी नमस्कार केला तर त्यात कोणतीच अडचण नाही. आणि यज्ञ म्हणजे देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग असल्यामुळे तो नमस्कारासारखा आहे.

शंकराचार्यांनी केलेला हा भेद मेनफ्रेमच्या यंत्रव्यवस्थेने अक्षरशः पाळलेला आहे. फाईल मागताना ती शेअर म्हणून मागावी की ओल्ड म्हणून, हे सांगावे लागते. शेअर म्हणून मागितली तर हजार जॉब एकाच वेळी तीच फाईल वाचतात आणि कोणाचेही काही उणे होत नाही. ओल्ड म्हणून मागितली तर ती एकट्याची होते आणि दुसऱ्याला थांबावे लागते. थांबण्यातही प्रकार आहेत: जेसीएलने आधीच सांगून ठेवलेला जॉब फाईल मोकळी होईपर्यंत दाराशी तिष्ठत राहतो, पण चालता चालता मागणाऱ्या प्रोग्रॅमला साधारणपणे लगेच उत्तर मिळते की ही वस्तू दुसऱ्याकडे आहे, मिळणार नाही. त्या उत्तराचा सांकेतिक अंक ०२१०. नवरात्रात या मुलुखातल्या घराघरांत एकाच भवानीचे घट बसतात, तेव्हा ते नमस्काराच्या जातीचे आहे. एका घरचा घट दुसऱ्या घरच्या घटाआड येत नाही. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा मूर्तिरूपाने मागितला जातो, तो दुसऱ्या जातीचा. तेथे एकाने धरले की दुसऱ्याचे दार रिकामे राहते, म्हणून मुदत लागते, मानकरी लागतात, कागद लागतो. देवाच्या सर्वत्र असण्याला यातल्या कोणत्याही मागणीने बाध येत नाही. मर्यादा आहे ती मागणीच्या प्रकाराला.

यापुढचा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाव घेतले, विधी यथासांग झाला, आणि नावामागे काहीच नसेल तर? मेनफ्रेमवर सीबीएलक्यूडीए नावाचा एक पर्याय असतो. तो चालू ठेवला असेल, आणि प्रोग्रॅमने लिहिण्यासाठी अशी फाईल उघडली की जिच्या नावाला कोणताच डेटासेट नेमलेला नाही, तर व्यवस्था चूक दाखवीत नाही. ती त्या नावाखातर एक तात्पुरती फाईल निर्माण करते. प्रोग्रॅमला यशाचा अंक मिळतो, तो निष्ठेने हजारो ओळी लिहितो, आणि काम संपताच ती फाईल तिच्यातल्या सर्व मजकुरासह नाहीशी होते. पर्याय बंद असेल तर ओपन तेथेच अडते आणि अपयश उघडे पडते. लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर खऱ्या फाईलीवर लिहिणे आणि या फाईलीवर लिहिणे यांत तिळमात्र फरक नसतो. उपासनेवर नास्तिक जो आक्षेप घेतात त्याचे यापेक्षा कठोर रूप मला ठाऊक नाही: तुमच्या आवाहनाला मिळालेला प्रतिसाद हा तुमच्याच मागणीने त्या घटकेपुरता उत्पन्न केलेला आहे, असे ते म्हणतात. आवाहनाच्या वेळी मनाला वाटलेल्या सान्निध्याने या आक्षेपाचे निराकरण होत नाही, हे श्रद्धावानाने स्वच्छपणे कबूल केले पाहिजे. निराकरण व्हावयाचे असेल तर ते कर्म संपल्यानंतर, काय शिल्लक राहिले यावरून व्हावे लागेल: मनुष्य अधिक दयाळू झाला का, दिलेला शब्द पाळू लागला का, शेजाऱ्याच्या दुःखाने हलला का. तात्पुरत्या फाईलीतून दुसऱ्या दिवशीच्या जॉबला काहीही वाचता येत नाही. खऱ्या फाईलीतून येते. माझा स्वतःचा विश्वास असा आहे की या भागातल्या साध्यासुध्या माणसांच्या आयुष्यात पुढे वाचता येण्याजोगे पुष्कळ उरलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या बाजूला भूकंपाने गावेच्या गावे पाडली, तेव्हा ढिगाऱ्यांकडे पहिल्याने धावलेले हात आसपासच्या गावांतलेच होते.

विसर्जनाकडे आपण शोकाच्या किंवा उत्सवाच्या दृष्टीने पाहतो. त्यातला कर्तव्याचा भाग सहसा ध्यानात येत नाही. प्रोग्रॅमने स्वतः मागून घेतलेली फाईल काम झाल्यावर स्वतःच मोकळी करावी असा सभ्य प्रघात आहे. त्याने ती केली नाही तर तो संपल्यावर व्यवस्था ती मोकळी करते, हे खरे. परंतु तोपर्यंत जितका वेळ ती विनाकारण धरून ठेवली तितका वेळ दुसऱ्या कोणाचे तरी काम खोळंबते, आणि ज्याचे खोळंबते त्याला कारणही कळत नाही. धर्माच्या क्षेत्रात धरून ठेवण्याची वृत्ती अधिक घातक आहे. देव आमच्याच गावचा, आमच्याच ज्ञातीचा, आमच्याच वाड्यातला, आणि मुदतीनंतरही तो सोडणार नाही, हा हट्ट ज्या ज्या ठिकाणी माजला तेथे उपासनेचा वतनाचा खटला झाला. तुळजापूरची भवानी चल मूर्ती आहे आणि वर्षातून ठरलेल्या काळी ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रा घेते. त्या काळात सिंहासन रिकामे असते, आणि ते तसे असू देणे हाही तेथील पूजेचाच भाग आहे. ज्या परंपरेने देवीला सिंहासनावरून उठू दिले, त्या परंपरेला आवाहनाचे मर्म कळले होते असे मी समजतो.

या सगळ्या विवेचनाला एक मोठा प्रतिवादी आमच्याच जिल्ह्यात आहे. तेरचे गोरोबाकाका ज्या संप्रदायाचे, तो वारकरी संप्रदाय आवाहन-विसर्जनाच्या या हिशेबात मुळी शिरतच नाही. नामदेवांपासून त्याची ठाम श्रद्धा अशी आहे की नाम आणि नामी यांत भेद नाही. नाम हे देवाकडे नेणारे साधन नसून तेच देव आहे, आणि म्हणून त्याला मुहूर्त नको, मुदत नको, सोडणे नको. माझ्या उद्योगात याच्याशी जुळणारी एकच व्यवस्था मला दिसते. डीडीच्या ओळीत नावापुढे डेटासेटचा पत्ता न देता केवळ एक तारका घालतात, आणि मग हवा तो मजकूर त्या नावाखालीच, त्याच फर्मानात, उघड लिहिलेला असतो. प्रोग्रॅमला कॅटलॉगात शोधावे लागत नाही, कोणाकडे मागावे लागत नाही, ०२१० चे उत्तर कधी येत नाही. माझा सिद्धान्त या भूमिकेला लागू पडत नाही हे मी मान्य करतो, आणि ती भूमिका माझ्याहून उंच आहे असेही मला वाटते. तरीसुद्धा एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. नामातच सर्व काही आहे असे म्हणणारे हेच लोक आषाढात पायी पंढरपुरास जातात, आणि त्यांच्या पालख्यांतून संतांच्या पादुका मुक्कामागून मुक्काम, ठरल्या तिथीने आणि ठरल्या वाटेने नेल्या जातात. नाम जवळ असताना या चालण्याची गरज का भासली याचे उत्तर मला नामाच्या सिद्धान्तात सापडत नाही, ते संगतीत सापडते: तारकेखाली लिहिलेला मजकूर त्या एका जॉबपुरता असतो, आणि तो इतरांनाही वाचता यावा असे वाटले तर ज्याचा ठावठिकाणा सर्वांना ठाऊक आहे अशा एखाद्या ठिकाणी तो न्यावाच लागतो.